पल्सरला गिअरचा आकडा

सिग्नल सुटतो, मागचे हॉर्न सुरू होतात आणि माझी २०१२ची पल्सर १५० दोन आचके देऊन बंद पडते. पहिला समजून क्लच सोडलेला असतो, गाडी असते तिसऱ्यात. मोकळ्या रस्त्यावर याच्या उलट: पाचव्या, म्हणजे शेवटच्या गिअरमध्ये असूनही सहाव्यासाठी लिव्हर उचलायचा. मीटरवर न्यूट्रलचा दिवा तेवढा आहे, बाकी सगळं अंदाजपंचे.

म्हणून चारशे रुपयांचा एक 'सगळ्या गाड्यांना चालणारा' गिअर इंडिकेटर, म्हणजे कितवा गिअर आहे ते दाखवणारा आकडा, मागवला. डबीतून आठ वायरी निघाल्या: दोन सप्लायच्या, एक न्यूट्रलची आणि पाच गिअरना पाच. गिअरबॉक्सचं साइड कव्हर उघडल्यावर कळलं की माझ्या इंजिनातून वायर येते एकच, न्यूट्रलची. हा इंडिकेटर चालतो तो ज्या गाडीत प्रत्येक गिअरला वेगळा काँटॅक्ट असतो तिथे. मेकॅनिक शेजारी उभा राहून हसत होता. "दादा, गिअर आवाजावरून कळतो. मीटरचं सोडा, कानाची सर्व्हिसिंग करून घ्या."

दुसरा प्रकार इंजिनाचे फेरे आणि चाकाचा वेग यांच्या गुणोत्तरावरून गिअर ओळखतो. प्रत्येक गिअरचं गुणोत्तर ठरलेलं, त्यामुळे कल्पना पक्की आहे. पण क्लच दाबला की इंजिन आणि चाक यांचा संबंध तुटतो, आणि सिग्नलला तर चाक फिरतच नाही. म्हणजे मला नेमका जिथे आकडा हवा तिथेच तो गप्प. नको.

मग ठरवलं, गिअरबॉक्स सांगत नाही तर माझा पाय काय करतो ते मोजायचं. गिअरच्या लिव्हरवर लोहचुंबक, त्याच्या वर एक आणि खाली एक हॉल सेन्सर, म्हणजे चुंबक जवळ आला की सिग्नल देणारा. लिव्हर ज्या बाजूला गेला त्याप्रमाणे एक मिळवायचा नाहीतर वजा करायचा, आणि न्यूट्रलच्या वायरीने हिशेब पुन्हा शून्यावर आणायचा. पुण्याच्या तपकीर गल्लीत, इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, आर्डुइनो नॅनो (कोड भरता येणारा छोटा बोर्ड), ए३१४४ जातीचे दोन हॉल सेन्सर, सात पट्ट्यांचा लाल डिस्प्ले आणि १२ व्होल्टचे ५ करणारा बक कन्व्हर्टर मिळाला. सेन्सरची पट्टी फूटरेस्टच्या बोल्टवर बसवली. चुंबक चिकटवला आणि काहीच होईना. अर्धा तास वायरी तपासल्यावर लक्षात आलं: ए३१४४ फक्त दक्षिण ध्रुव ओळखतो. चुंबक उपटून उलटा चिकटवला.

पहिला नॅनो मी जाळला. न्यूट्रलची वायर थेट त्याच्या पिनला जोडली होती. गाडी न्यूट्रलमध्ये असताना ती वायर अर्थला, म्हणजे गाडीच्या सांगाड्याला टेकते, तेव्हा सगळं ठीक. गिअर टाकला की मीटरच्या दिव्यातून तिच्यावर १२ व्होल्ट चढतात, आणि पिनला सोसतात ५. दुसऱ्या नॅनोला मध्ये एक साधा डायोड घातला, जो वीज एकाच दिशेने जाऊ देतो, पट्टीची बाजू न्यूट्रलच्या वायरीकडे. आता अर्थला टेकलेलं कळतं आणि १२ व्होल्ट आत येत नाहीत. सप्लाय ब्रेकलाइटच्या स्विचवरून घेतला, चावी फिरवली की चालू, आणि वाटेत एक अँपिअरचा फ्यूज. सगळे जोड सोल्डर करून वर हीटश्रिंक, म्हणजे तापवली की आवळणारी नळी, चढवली. नुसती टेप गुंडाळलेला जोड पावसाळ्यात काय करतो ते मागे एकदा भोगलंय.

खरी गंमत कोडमध्ये होती. पल्सरचा क्रम एक खाली, चार वर: पहिला, न्यूट्रल, दुसरा आणि पुढे. दुसऱ्यातून पहिल्यात जाताना न्यूट्रलचा काँटॅक्ट क्षणभर लागतो आणि माझा डिस्प्ले लगेच शून्य दाखवून मोकळा. म्हणून ३०० मिलिसेकंद न्यूट्रल टिकला तरच तो खरा धरायचा, अशी अट घातली. न्यूट्रलमधून खाली गेला तर पहिला, वर गेला तर दुसरा. चावी फिरवल्यावर न्यूट्रल दिसेपर्यंत नुसती आडवी रेघ. चुकीचा आकडा दाखवण्यापेक्षा रेघ बरी.

इतकं करून गाडी चालू केली तर उभ्या गाडीवर आकडे आपोआप पळू लागले, तीन, चार, पाच. या इंजिनाला दोन स्पार्क प्लग आहेत, आणि माझी सेन्सरची वायर प्लगच्या वायरीला बिलगून गेली होती; ठिणगीचे झटके तिला सिग्नल वाटत होते. ती फ्रेमच्या दुसऱ्या बाजूने फिरवली, सेन्सरवर ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावला, तेव्हा आकडा जागेवर थांबला.

पहिली मोठी चाचणी पुण्याजवळच्या कात्रजच्या जुन्या घाटात. चढ-उतारात इंडिकेटर एकदाच चुकला: मी लिव्हर अर्धवट उचलला, गिअर पडला नाही, पण त्याने मोजला. पुढच्या न्यूट्रलपर्यंत तो एकाने पुढेच होता. यावर माझ्याकडे इलाज नाही. त्याला गिअर दिसतच नाही, माझा पाय दिसतो. दुपारच्या उन्हात लाल आकडा फिका पडतो, त्यावर गाडीच्या काचेच्या काळ्या फिल्मचा तुकडा लावलाय. रात्री मात्र डोळ्यांत येतो.

बायको मागे बसली होती. उतरल्यावर म्हणाली, "आज बंद नाही पडली." आकडा तिने पाहिलाही नव्हता. मागच्या रविवारी धुताना पाण्याच्या फवाऱ्याने खालचा सेन्सर सुटला, आता गाडी फक्त वर मोजते. अ‍ॅराल्डाइट आणून ठेवलंय.