दोन बॅचचे गोळे

एम.एस्सी.च्या प्रोजेक्टसाठी मी सिलिकाच्या नॅनोगोळ्यांपासून, म्हणजे अतिसूक्ष्म गोळ्यांपासून, कृत्रिम ओपल करायला घेतलं. ओपल म्हणजे गोळ्यांच्या शिस्तशीर रांगांमुळेच रंग दाखवणारा खडा. श्टोबर या संशोधकाची १९६८ सालची कृती: इथेनॉल, पाणी, अमोनिया आणि टीईओएस, म्हणजे ज्यातून सिलिका बनते ते द्रव. मिश्रण दुधाळ झालं की गोळे तयार. ते रचायचे मात्र कुणी नाहीत. तळाशी बसता बसता त्यांचे ते रचले जातात.

आधी मला वाटायचं, त्यांच्यात काही ओढ असणार. तशी ती लागतच नाही. १९५७ मध्ये आल्डर आणि वेनराइट या शास्त्रज्ञांनी कॉम्प्युटरवर दाखवलं, की नुसते कडक गोळेही गर्दी वाढली की शिस्तीत लागतात, कारण शिस्तीत प्रत्येकाला हलायला जास्त जागा मिळते. हे पटायला मला आठवडा लागला.

माझा नमुना वाळला तो खडूसारखा पांढरा. पुण्याहून एसईएमचे, म्हणजे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाचे, फोटो आले तेव्हा कळलं, गोळे दोन मापांचे होते. जानेवारीतला नाशिकचा गारठा! एक बॅच मी सकाळी कुडकुडत केली, दुसरी दुपारी उन्हं वर आल्यावर, आणि दोन्ही एकत्र ओतल्या. थंडीत ही क्रिया मंदावते आणि गोळे मोठे होतात. लहानमोठे मिसळले की रांग मोडते.

मग एकच बॅच केली, वॉटर बाथमध्ये, २५ अंशांवर. पाव मायक्रॉनचे गोळे पाण्यात दिवसाला जेमतेम तीन मिलिमीटर खाली येतात. दहा दिवस बाटलीला हात लावायचा नाही. सर म्हणाले, "तोवर पुठ्ठ्याचे चतुष्फलक कर, चार त्रिकोणी बाजूंचे." पाच चतुष्फलक एका कडेभोवती चिकटवले, शेवटी सात अंशांहून थोडी मोठी फट राहिलीच. कितीही दाबा, भरत नाही. घन कसे निमूट एकाला एक लागतात! आणि तरी असे चतुष्फलक गर्दीत सोडले, तर क्वासिक्रिस्टल, म्हणजे शिस्त असूनही तोच नमुना पुन्हा पुन्हा न येणारी रचना, बनतो, असं २००९ मध्ये सिम्युलेशनमध्ये दिसलं. ती फट मी कितीदा तरी बोटाने चाचपून पाहिली.

अकराव्या दिवशी पाणी हलकेच काढलं, गाळ काचपट्टीवर घेतला आणि झाकून सावकाश वाळू दिला. पट्टी घरी नेली.

"यात हिरवा रंग कुठला घातलास गं?" आईने विचारलं.

"कुठलाच नाही." मी पट्टी तिरकी केली. हिरवा सरकत सरकत निळा झाला.