सांबऱ्यापुढच्या गावात, आण्णांच्या घरी

बेळगावहून बागलकोट रस्त्याला लागलं की सांबरा येतं. विमानतळाला लागूनच हवाई दलाची एअरमेन ट्रेनिंग स्कूल. आमची सिटी बस पुढं निघाली. मला जायचं होतं आण्णांकडे. माझ्या आजीचे हे धाकटे मामेभाऊ. त्यांचे थोरले भाऊ कॅनबेरा बॉम्बरवर नेव्हिगेटर, म्हणजे विमानाला वाट दाखवणारे होते. १९६५ च्या युद्धात गेले.

सोप्यात त्यांचा फोटो आहे. गणवेशावर छातीशी एकाच बाजूचा पंख. वैमानिकाला दोन, नेव्हिगेटरला एक. हार रोजचा, ताज्या शेवंतीचा.

कॅनबेरात माणसं दोनच. वैमानिक वर, काचेच्या घुमटाखाली. नेव्हिगेटर खाली, नाकाच्या पोकळीत. बॉम्ब टाकायची वेळ आली की पुढच्या काचेशी पालथा पडून नेम धरायचा. आपल्या हवाई दलाच्या या बॉम्बरमध्ये संकटात माणसाला विमानाबाहेर फेकणारी खुर्ची फक्त वैमानिकाला होती. नेव्हिगेटरनं उजव्या बाजूच्या दारातून पॅराशूट घेऊन उडी मारायची. विमान खाली आणि वेगात असेल तर तेवढी सवड कुठली मिळायला! हे माहीत असूनही ही माणसं दर वेळी त्या नाकात जाऊन बसत होती. लढाईच्या गोष्टींत वैमानिकाचं नाव येतं, त्याच्या पुढ्यात पालथ्या पडलेल्याचं क्वचितच. मला याचं फार वाईट वाटतं.

"दादानं आईला काय सांगितलंतं, ठावं हाय?" आण्णा म्हणाले. "नकाशे बघायचं काम हाय म्हणून. आई गावभर सांगायची, पोरगा हापिसात हाय, काळजी न्हाई. खुर्चीचं मला लई वर्सांनी कळलं. आईला मी बोललोच न्हाई."

काकूंनी चहाबरोबर कुंदा दिला. २०१९ साली दिल्लीत राष्ट्रीय युद्ध स्मारक झालं, तिथं त्यागचक्राच्या भिंतीत ग्रॅनाइटच्या विटांवर नावं कोरली आहेत. नातवानं दादांच्या नावाचा फोटो काढून आणलाय. आण्णांनी तो मोबाइलवर मोठा करून दाखवला. अक्षर न् अक्षर बोट ठेवून वाचलं.

कॅनबेरा २००७ पर्यंत सेवेत होतं, पण आण्णांनी ते जवळून कधीच पाहिलेलं नाही. बेंगळुरूला एचएएल या विमान कारखान्याच्या संग्रहालयात एक उभं आहे, हे मी सांगितलं तेव्हा ते ताठ बसले. "उजवीकडचं दार दिसतंय काय तिथं?"

ऊस गेला की राणी चन्नम्मा एक्सप्रेसनं जायचं ठरलंय. तिकिटं मी काढणार आहे.