तुम्ही विचारलंत म्हणून: चुंबकाच्या चाकावर बॅटरी फुकट चार्ज होते का?

आठवड्यातून एकदा तरी हा प्रश्न येतोच. कधी फोनवर, कधी कोणी मोबाइल पुढे धरून. "सर, हे चाक बघा. एका बॅटरीवर फिरतंय आणि दुसरी बॅटरी चार्ज करतंय. मग दोन्ही आलटूनपालटून लावल्या की झालं ना?" आयटीआयमध्ये इलेक्ट्रिशियन ट्रेडला मी बरीच वर्षं शिकवलं. आता मिरजेत घरामागच्या शेडमध्ये बॅटऱ्या, इन्व्हर्टर दुरुस्त करतो. त्या शेडमध्ये असं एक चाक मी स्वतः बनवून ठेवलंय हे बऱ्याच जणांना ठाऊक आहे. त्यामुळे पहिल्या प्रश्नाला मी "नाही" म्हटलं की दुसरा तयारच असतो: "मग तुम्ही कशाला बनवलंत?"

दारात उभं राहून याचं उत्तर देता येत नाही, म्हणून एकदा सविस्तर लिहितो.

विचारणाऱ्यांची गरज खरी असते हे आधी सांगायला हवं. जत, कवठेमहांकाळकडचे शेतकरी येतात. पंपाची लाइट रात्री येते, थंडीत उठून मोटर चालू करायला जावं लागतं. त्यांना घरचा उजेड तरी फुकटात होईल का, एवढंच बघायचं असतं. डिप्लोमाची मुलं प्रोजेक्ट म्हणून येतात. यांतल्या कोणालाही मी आजवर हसलेलो नाही.

हे चाक मूळचं अमेरिकेतलं. आयडाहो राज्यातले जॉन बेडिनी ऑडिओ अॅम्प्लिफायर बनवणारे गृहस्थ होते, २०१६ मध्ये वारले. त्यांच्या या मोटरची सोपी आवृत्ती एका शाळकरी मुलीने विज्ञान प्रदर्शनात मांडली, तेव्हापासून तिला 'स्कूल गर्ल' मोटर म्हणतात. जगभर हौशी लोकांनी ती बनवली ती याच सोपेपणामुळे. सायकलचं चाक, त्याच्या रिमवर स्पीकरमधल्यासारखे फेराइट चुंबक, सगळ्यांचा उत्तर ध्रुव बाहेर. समोर एक कॉइल. तिच्या पोकळीत वेल्डिंग रॉडचे तुकडे ठासून भरलेले, आणि वर इनॅमल तारेचे दोन पदर एकत्र गुंडाळलेले, एक जाड, एक बारीक. रिवाइंडिंगवाल्याकडे तार वजनावर मिळते. शिवाय टू एन ३०५५ ट्रान्झिस्टर (इथे तो विजेच्या स्विचचं काम करतो), दोन डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारे), एक रेझिस्टर, एक छोटा निऑन दिवा. संपलं सामान.

चुंबक जवळ येतो तो कॉइलमधल्या लोखंडाकडे आपोआप ओढला जातो. मधोमध येऊन पुढे सरकला की बारीक तारेत उलटा व्होल्टेज निर्माण होतो आणि त्याने ट्रान्झिस्टर उघडतो. पहिल्या बॅटरीचा करंट जाड तारेतून धावतो, कॉइल स्वतःच चुंबक होते आणि चाकावरच्या चुंबकाला पुढे ढकलते. लगेच ट्रान्झिस्टर बंद. आता कॉइलमध्ये साठलेल्या चुंबकीय क्षेत्राला जायला वाट नसते, म्हणून ते कोसळताना मोठा व्होल्टेज उसळतो, आणि डायोडमधून ती उसळी दुसऱ्या बॅटरीत जाते. ट्यूबलाइटचा चोक, स्कूटरची इग्निशन कॉइल, जुन्या टीव्हीतला हाय व्होल्टेजचा भाग (ईएचटी), सगळीकडे हीच उसळी काम करते. चाक फिरत असताना दुसऱ्या बॅटरीची क्लिप निघाली तर निऑन नारिंगी पेटतो. उसळीला वाट मिळाली नाही की ट्रान्झिस्टर जातो, म्हणून तो निऑन.

म्हणजे यंत्र खोटं नाही. चाक फिरतं, दुसरी बॅटरी खरोखरच चार्ज होते. प्रश्न फक्त एवढाच, की पहिलीतून किती गेलं आणि दुसरीत किती आलं. आणि इथेच भले भले प्रामाणिक लोक चुकतात, कारण बॅटरी मोजायला फार अवघड वस्तू आहे.

मल्टिमीटर लावला, १३.४ व्होल्ट आले, झाली चार्ज, असं सगळे धरून चालतात. पण चार्जिंग नुकतंच थांबलेल्या बॅटरीचा व्होल्टेज वरवरचा असतो. प्लेटच्या पृष्ठभागाजवळ काय चाललंय तेवढंच तो सांगतो. आठ-दहा तास ठेवा, उतरतो. उतरल्यावर उरतो तोही साठ्याचा अंदाजच देतो, मोजमाप नव्हे. टाकीत पाणी किती आहे हे नळाच्या जोरावरून ओळखू पाहण्यातलाच हा प्रकार.

दुसरी चूक वेळेची. चाक घेतं जेमतेम ०.३ अँपिअर. ते घरातल्या १५० एएचच्या (अँपिअर-तास, म्हणजे साठ्याचं माप) ट्यूब्युलर बॅटरीवर लावलं तर साध्या भागाकाराने ५०० तास चालेल, म्हणजे जवळजवळ एकवीस दिवस. माणूस पाच दिवस बघतो, बॅटरी जागची हलत नाही, आणि तो मनापासून सगळ्यांना सांगत सुटतो की ही उतरतच नाही. वर आणखी एक गोष्ट. जर्मनीच्या पॉयकर्ट यांनी १८९७ मध्ये दाखवून दिलं की लेड-अॅसिड बॅटरी सावकाश रिकामी केली तर जास्त देते, घाईने केली तर कमी. पहिली बॅटरी जोरात रिकामी करून दुसरी हळूहळू तपासली, तर दुसरी सरस वाटणारच.

म्हणून आम्ही मोजायची एकच पद्धत ठेवली. आम्ही म्हणजे मी आणि जतकडचा एक मुलगा, माझा शेवटच्या बॅचचा विद्यार्थी. चाक त्याच्याच हौसेचं. यूपीएसच्या १२ व्होल्ट ७ एएचच्या एकाच लॉटमधल्या दोन नव्या बॅटऱ्या आणल्या. मोटरसायकलच्या पार्किंग लाइटचा ५ वॅटचा बल्ब घेतला. तो साधारण ०.४ अँपिअर घेतो, म्हणजे बॅटरीवर लिहिलेली क्षमता ज्या संथ गतीने मोजतात त्याच्या आसपास. नियम असा: बल्ब लावायचा, घड्याळ लावायचं, १०.५ व्होल्टला थांबायचं (इतक्यावर १२ व्होल्टची बॅटरी रिकामी धरतात). साध्या चार्जरवर पूर्ण चार्ज केल्यावर दोन्ही बॅटऱ्यांनी बल्ब साडेपंधरा तास चालवला. हा आमचा गज झाला.

मग एक बॅटरी पूर्ण भरलेली, दुसरी १०.५ पर्यंत रिकामी. हाताने ढकलून चाक सोडलं. सुरुवातीला ते रेंगाळतं, मग एकाएकी लय पकडतं आणि रिमवरचे चुंबक दिसेनासे होतात, एक काळा पट्टा फिरताना दिसतो. चिटचिट असा बारीक आवाज येत राहतो. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सहाच्या सुमारास पहिली बॅटरी १०.५ वर आली. दुसरीने त्या क्षणी १३.४ दाखवले. त्या मुलाचा चेहरा मला अजून आठवतो. सकाळपर्यंत ती १२.४ वर आली होती, आणि तेही वाईट नव्हतं. सहा वाजता बल्ब लावला.

तो जेवायला घरी गेला नाही. बाराच्या पुढे बल्बची तार पिवळ्याची केशरी झाली, मग लालसर. बारा वाजून दहा मिनिटांनी मीटरवर १०.५. साडेपंधरा तासांच्या जागी सहा तास दहा मिनिटं. बॅटऱ्यांची अदलाबदल करून पुन्हा केलं, तेव्हा पाच तास पन्नास मिनिटं. चाळीस टक्क्यांच्या जरा आतच.

बराच वेळ तो वहीकडे बघत बसला. मग म्हणाला, "सर, उरलेली साठ टक्के गेली कुठे?"

तुम्ही कशाला बनवलंत, याचं माझं उत्तर हा प्रश्न आहे. इतकी वर्षं मी फळ्यावर कार्यक्षमतेचं सूत्र लिहिलं, पण "गेली कुठे" असं मला एकाही मुलाने विचारलं नव्हतं. आम्ही चाक पुन्हा चालू केलं आणि हाताने शोधत गेलो. ट्रान्झिस्टरच्या हीट सिंकवर (उष्णता बाहेर टाकणाऱ्या पत्र्यावर) बोट ठेवलं, चटका बसला. कॉइल कोमट. चाकाजवळ गाल नेला तर वारा लागतो, तो वारा ढवळायलाही वीज लागतेच. बेअरिंगची घरघर. आणि सगळ्यात न दिसणारा खर्च बॅटरीच्या आत: भरताना घातलेलं सगळं लेड-अॅसिड बॅटरी कधीच परत देत नाही, काही उष्णतेत जातं, काही पाण्याचा गॅस करण्यात.

"पण चुंबकाची ताकद तर फुकटच की," असं मग हटकून कोणीतरी म्हणतं. चुंबक ओढतो तेव्हा चाकाला वेग देतो हे खरं, पण पुढे निघून जाताना तोच लोखंडाला धरून मागे खेचतो. घाट उतरताना मिळालेलं पुढच्या चढावर द्यावं लागतं, तसंच. शेवटी आम्ही चाकच काढून टाकलं. सर्किट थोडं फेरजुळवलं की ते चाकाशिवाय आपोआप स्पंदत राहतं, आणि दुसरी बॅटरी तरीही चार्ज होते. मग चुंबकांचा वाटा किती, हे वेगळं सांगावं लागलं नाही.

आता एक गोष्ट जी चाकाच्या बाजूची आहे, आणि तीही मी तितक्याच ठामपणे सांगतो. पडून राहिलेली, सल्फेट धरलेली बॅटरी या स्पंदनांवर पुष्कळदा सुधारते. पहिल्या फेरीला बल्ब दोन तास, दुसरीला तीन, चौथीला पाच. हौशी लोक बहुतेक भंगारातल्या बॅटऱ्यांवर प्रयोग करतात, म्हणून दर फेरीला "वीज वाढतेय" असं त्यांना दिसतं, आणि दिसतं ते खोटं नसतं. पण वाढते ती बॅटरीची गेलेली क्षमता. प्लेटवर जमलेलं लेड सल्फेट पुन्हा विरघळून कामाला लागतं. ताडून बघायला तशीच दुसरी बॅटरी मी साध्या चार्जरवर, अगदी कमी करंटने, चार वेळा चार्ज-डिस्चार्ज केली. तीही सुधारली. एखादा सेलच (बॅटरीचा एक कप्पा) बसला असेल तर मात्र दोन्ही उपाय व्यर्थ.

पुरावा म्हणून मला पेटंटचा नंबर पाठवतात. बेडिनींना २००२ मध्ये अमेरिकेत पेटंट मिळालं हे खरं आहे. पण पेटंट म्हणजे रचना नवी असल्याची नोंद, जास्त वीज निघाल्याचा दाखला नव्हे. तसा उघड दावा केला तर काय होतं ते मिसिसिपीच्या जोसेफ न्यूमन यांच्या बाबतीत दिसलं. त्यांना पेटंट नाकारलं, ते कोर्टात गेले, १९८६ मध्ये तिथल्या राष्ट्रीय मानक संस्थेने त्यांचं यंत्र तपासलं, आणि प्रत्येक चाचणीत आत गेलेल्या शक्तीपेक्षा बाहेर आलेली कमी भरली. आपल्याकडच्या १९७० च्या पेटंट कायद्याचं कलम ३ तर निसर्गनियमाच्या उघड विरुद्ध असलेला दावा सरळ बादच करतं.

आणि काही जण भास्कराचार्यांचं नाव घेतात. चाळीसगावजवळच्या पाटणला त्यांच्या नातवाचा शिलालेख आहे, मी मुद्दाम जाऊन बघून आलो. ११५० च्या 'सिद्धान्तशिरोमणी'त त्यांनी पोकळ आऱ्यांत अर्धा पारा भरलेल्या, स्वतः फिरणाऱ्या चाकाचं वर्णन केलंय हे अगदी खरं. ते मॉडेलही मी पोरांकडून करून घेतलं, पाऱ्याऐवजी नळ्यांत छर्रे घालून. एका बाजूला छर्रे आसापासून लांब असतात, पण दुसऱ्या बाजूला जवळ असले तरी संख्येने जास्त. चाक दोनदा डुललं आणि थांबलं. भास्कराचार्यांबद्दलचा माझा आदर त्याने तसूभरही कमी झाला नाही. त्यांची गणितं आजही बरोबर येतात.

मला राग येतो तो फक्त एका गोष्टीचा. तयार किट विकणारे. मागच्या वर्षी एका द्राक्षवाल्याने असं किट घेतलं, घरचं बिल शून्य होईल असं त्याला सांगितलं होतं. आत सामान होतं ते मी वर लिहिलंय तेवढंच, आणि त्या पैशात छपरावर सोलरचं एक पॅनेल, चार्ज कंट्रोलर आणि एक बॅटरी आली असती. त्याच्या घरावर दिवसभर ऊन पडतं.

स्वतः बनवणार असाल तर जरूर बनवा, मी मदत करतो. चुंबक नुसते चिकटवू नका, वरून पट्टी गुंडाळा, सुटलेला चुंबक डोळ्यावर येतो. बॅटरीजवळ विडीकाडी नको, खोलीची खिडकी उघडी ठेवा, हायड्रोजन हवेत चार टक्के झाला तरी पेट घेतो. शनिवारी दुपारनंतर मी शेडमध्ये असतो. चाक आणा, दोन्ही बॅटऱ्या आणा, वही आणा. ५ वॅटचा बल्ब माझ्याकडे आहे. फक्त दोन दिवस मोकळे काढून या, एका दुपारीत हे मोजून होत नाही.