धोऱ्यापलीकडे

रविवार, रात्र

जैसलमेरजवळच्या समच्या वाळवंटातून आल्यापासून मन थाऱ्यावर नाही. दादा सहज म्हणाला, "वाळूच बघायची तर एवढ्या लांब कशाला? गुहागरला काय कमी होती?" 'होती' म्हणाला. गुहागरचं घर विकायचं बोलणं सुरू झाल्यापासून मला असं काहीही लागतं. असो.

वाळू तरी एकसारखी कुठे असते? आपली हाताला चिकटते, तिच्यात शिंपल्यांचा चुरा असतो, भिजली की पायाखाली घट्ट होते. तिथली कोरडी, बारीक; मुठीत धरेपर्यंत निसटते. वाऱ्याबरोबर आपटून आपटून तिचे कण गुळगुळीत झालेत. रेघा मात्र हुबेहूब तशाच. आपल्याकडे त्या पाणी काढतं, तिथे वारा. त्या दिसल्या आणि कान गाज शोधू लागले. धोऱ्यापलीकडे (वाळूच्या टेकडीला तिथे धोरा म्हणतात) समुद्र असणारच, असं अंगच म्हणत होतं. धापा टाकत चढले. पलीकडे पुन्हा धोरे.

तेव्हा एवढं भरून का यावं? वर्षाला 200 मिलिमीटरही पाऊस न पडणाऱ्या मुलखात मी समुद्र शोधत होते, आणि तो नाही म्हणून मला एकटं वाटलं. आपलं सगळंच असं हातातून जाणार, असं काहीतरी. दिवस बुडाला तशी तापलेली वाळू भराभर गार पडली. आपल्याकडे रात्रीसुद्धा हवेत ऊब असते, समुद्र ती धरून ठेवतो. आई असती तर… नको.

दुसऱ्या दिवशी जैसलमेरच्या बाजारात तिथल्याच हाबूर गावच्या दगडाची वाटी घेतली. तिच्यात विरजण न घालता दही लागतं म्हणे. मी पाहत राहिले ते तिच्या अंगावरचे शिंपले. रंगवलेले नव्हेत, दगडातच रुतलेले. हा दगड 10 कोटी वर्षांहून जुना, समुद्राच्या तळाशी साठलेला. म्हणजे माझे कान अगदीच चुकले नव्हते. गाज होती तिथे, मला फार उशीर झाला एवढंच. दुकानातच हसू आलं, आणि कितीतरी दिवसांनी बरं वाटलं.

पावसाआधी गुहागरला जाईन. कागदांवर सही करायची तर करीन. मग सुरूच्या बनातून खाली उतरेन, मर्यादवेल फुलली असेल तर बघेन, भरतीपर्यंत बसेन. वाळू काही आमच्या सातबाऱ्यावर नव्हतीच कधी.