विणकाम चालताना बघायचं असतं: पणजीतली एक संध्याकाळ

आमच्याकडे विणकामाचं प्रदर्शन म्हणजे रुखवत. टेबलावर क्रोशाचं तोरण, टीपॉयवरचा रुमाल आणि ‘हात लावू नका गं’ म्हणणारी एखादी मावशी. पणजीत विणलेल्या कपड्यांचा फॅशन शो असल्याचं वन्संनी कळवलं, तेव्हा पहिली शंका आली ती हवेचीच. जानेवारीतही जिथे रात्रीचा पारा विसाच्या आसपास रेंगाळतो, तिथे स्वेटर घालणार कोण? शो सुती विणकामाचा आहे असं कळल्यावर मात्र कुडाळहून गाडी धरली.

करमळीला उतरून बसने पणजी. वाटेत रायबंदरचा तो लांबलचक जुना पूल लागतो, 1633-34 साली पोर्तुगीजांनी बांधलेला. एका अंगाला मांडवी, दुसऱ्या अंगाला मिठागरं. खिडकीची जागा मिळाली तर पैसे वसूल.

शो फोन्तेन्हास या पणजीतल्या जुन्या वस्तीतल्या एका घराच्या अंगणात होता. रॅम्प म्हणजे दोन्ही बाजूंना प्लास्टिकच्या खुर्च्या आणि मधली मोकळी फरशी. चालणाऱ्या मुली कॉलेजातल्या, मध्येच एक आजी, एक शाळामास्तर. निवेदन कोकणी आणि इंग्रजीत. माझ्या शेजारच्या बाई ‘आमच्या वेळी हे सगळं बाळंतविड्यात जायचं’ म्हणाल्या. खरंच, टोपडं नि मोजे यांच्यापलीकडे आपलं विणकाम फारसं गेलंच नाही. गंमत म्हणजे टी-शर्टही विणलेलाच असतो. तिरुपूरच्या यंत्रावरचं ते कापड नीट निरखलं तर इवले इवले सुलट टाके दिसतात. म्हणजे गोवा बारा महिने विणकामच अंगावर घालून हिंडतो, फक्त त्याला कुणी टाळ्या वाजवत नाही.

आता कपडे. पहिला झगा पांढऱ्या सुताचा, दोन सुयांवर विणलेला, पायघोळ. उभा असताना देखणा. मुलगी पहिल्या फेरीला आली तेव्हा खालची कड घोट्यापाशी होती, दुसऱ्या फेरीला फरशी झाडायला लागली! सुताचं हेच दुखणं. लोकरीच्या तंतूला मुळातच कुरळेपणा असतो, ओढली की ती परत आत येते. सूत ओढलं गेलं की गेलं, वर वजनही जास्त. तो सगळा भार टाक्यांवर येतो, टाके उभे लांबतात आणि झगा वाढत जातो. टेबलावर घडी घालून ठेवला असता तर हे कुणाला कळलं असतं?

शाळामास्तरांचं जाकीट मात्र मी विसरणार नाही. कुणबी साडीसारखा लाल अंगावर पांढरा चौकडा. दोन रंगांचे धागे घेऊन चौकडा विणायचा तर मागे दोऱ्यांचं जंजाळ होतं आणि कापड आखडतं. हे सरळ पडलं होतं. शो संपल्यावर हँगरला लावलेलं ते जाकीट मी आधी उलटं केलं. विणणारणीची ही खोड जात नाही. तिथे बसलेल्या वयस्क बाई, त्यांनीच ते विणलेलं, हसल्या. ‘पळय गो बाय, फाटल्यान पळय.’ म्हणजे मागच्या बाजूने बघ. आडव्या पांढऱ्या रेघा सुयांवरच, ओळी बदलताना घातलेल्या. उभ्या मात्र नंतर क्रोशाने, वरून साखळी ओढत नेलेल्या. इतकं सोपं, आणि मी दरवेळी तीन-तीन गुंडे गुंतवत बसते.

क्रोशा त्या लहानपणी कॉन्व्हेंट शाळेत शिकल्या, चर्चच्या वेदीवरच्या कापडाची लेस करत. त्या लेसचा हात चौकड्यात दिसत होता, एकही साखळी सैल नाही.

वन्संचे फोन सुरू झाले होते. तरी जाता जाता विचारलंच, हेही सुतीच ना, मग खांदे कसे ओघळले नाहीत? त्यांनी खांद्याची शिवण आतून दाखवली. एका खांद्यापासून मानेमागून दुसऱ्या खांद्यापर्यंत अरुंद सुती फीत, बारीक टाक्यांनी टाचलेली. सगळा भार त्या फितीवर. बाहीच्या घेरालाही आतून घट्ट साखळीची एक ओळ होती. मी मोबाईलवर फोटो काढायला लागले तर त्यांनी जाकीट हँगरवरून काढून माझ्याच अंगात घातलं आणि म्हणाल्या, ‘आतां चल.’