ओट्यावरचा डीजे

पुण्यात ‘डीजे’ म्हटलं की डोळ्यांपुढे भिंत उभी राहते. विसर्जनाच्या रात्री ट्रॉलीवर रचलेली, काळ्या स्पीकरांची, जिच्यासमोरून जाताना छातीचा पिंजरा आपला राहत नाही ती. त्यामुळे ‘मी घरात डीजे बूथ करतोय’ असं जेवताना जाहीर केलं तेव्हा आईने आधी बाल्कनीच्या काचांकडे पाहिलं आणि मग विचारलं, “सोसायटीला विचारलंस?”

मला हवा होता तो डीजे फारच गरीब प्राणी. कमरेच्या वर येणारं एक टेबल, त्यावर दोन टर्नटेबल म्हणजे रेकॉर्ड फिरवणारी यंत्रं, मधे त्यांचे आवाज मिसळणारा मिक्सर, कानाला हेडफोन आणि तांदळाच्या डब्याएवढे दोन स्पीकर. निवासी भागात दिवसा 55 डेसिबल, रात्री 45, ही मर्यादा मला तोंडपाठ आहे. घरात ती सगळ्यांना ऐकवूनही झाली. आईला मात्र वेगळीच शंका होती. “दोन कशाला? एक बिघडली तर असू दे म्हणून?”

मग मी तिला न्यूयॉर्कच्या ब्राँक्समधल्या एका इमारतीची गोष्ट सांगितली. 1520 सेजविक अव्हेन्यू, 11 ऑगस्ट 1973. बहिणीला शाळेसाठी नवे कपडे घ्यायचे म्हणून पैसे जमवायला भावाबहिणीने खालच्या हॉलमध्ये पार्टी ठेवली. भाऊ म्हणजे डीजे कूल हर्क, हिप-हॉपचा जनक मानतात तो. लोक सर्वात जास्त नाचतात ते गाण्यातल्या नुसत्या ड्रमच्या तुकड्यावर, हे त्याने हेरलं होतं, आणि तो तुकडा तर काही सेकंदांत संपतो. म्हणून एकाच रेकॉर्डच्या दोन प्रती लावायच्या. एकीवरचा तुकडा संपेपर्यंत दुसरी मागे फिरवून तयार ठेवायची. आईने ऐकून घेतलं आणि म्हणाली, “म्हणजे एक पोळी तव्यावर असताना दुसरी लाटून झालेली पाहिजे.” इतकं नेमकं मला कुठल्याही जाणकाराने सांगितलं नव्हतं.

टर्नटेबल निवडताना मी पहिली चूक केली ती सगळेच करतात. स्वस्त, देखणं, पट्ट्यावर चालणारं यंत्र आणलं. पट्टा म्हणजे मोटर बाजूला आणि थाळीला रबरी वादी. घरी शांतपणे गाणी ऐकायला ते उत्तमच, पण तबकडी बोटाने धरून सोडली की वादी ताणते, घसरते आणि गाणं झोपेतून उठल्यासारखं वेग घेतं. डीजेला लागतो डायरेक्ट ड्राइव्ह, म्हणजे मोटर थेट थाळीच्या पोटात. टेक्निक्स कंपनीचं एसएल-1200 हे असं टर्नटेबल आलं 1972 मध्ये, घरात बसून गाणी ऐकणाऱ्यांसाठी. त्याच्याच 1979 च्या सुधारित आवृत्तीने, एमके2 ने, डीजे मंडळींना कायमचं बांधून घेतलं. थांबलेली थाळी 0.7 सेकंदात पूर्ण वेगात, आणि अंगाने साडेबारा किलो. 2010 मध्ये कंपनीने उत्पादन बंद केलं, लोक हळहळले, 2016 मध्ये ते परत आलं. किंमत मात्र अशी परतली की एकाच्या पैशांत बऱ्यापैकी स्कूटर येते. आपण एका टेक्निक्सच्या नादात वर्षभर दुसऱ्याविना बसण्यापेक्षा ऑडिओ-टेक्निकाची डायरेक्ट ड्राइव्ह जोडी घ्यावी, असं मी ठरवलं. तिची मोटर टेक्निक्सइतकी दणकट नाही. पण दोन्ही सारखी हवीत हे माझं ठाम मत आहे. एकीचा जोर हाताला कळतो तोवर दुसरी वेगळं वागायला लागली, तर हात बिचारा कुणाचं ऐकणार?

वेग कमीजास्त करायला उजव्या कडेला सरकपट्टी असते, साधारण आठ टक्के खाली-वर. इथे पुणेकर कान आड येतो. वेग वाढला की सूरही चढतो. सहा टक्क्यांना जवळजवळ अर्धा स्वर. म्हणजे काळी एकमध्ये गाणारा माणूस नकळत पांढरी दोनला जाऊन बसतो. मला सवाईच्या मंडपात बसून लागलेली खोड आहे, आधी सूर टोचतो, मग लय कळते. उलट व्हायला दोन महिने गेले.

पण खरी लढाई टर्नटेबलशी नव्हतीच. ती होती टेबलाशी.

रेकॉर्ड करताना खर्ज दाबून कोरतात, नाहीतर खाचा फार रुंद होतील. वाजवताना मिक्सर तो पुन्हा फुगवतो. आता सुईकडून येणारा सिग्नल काही मिलिव्होल्टचा, त्यामुळे सगळंच खूप मोठं करावं लागतं, आणि त्यात खालचे सूर आणखी जास्त. म्हणजे दाराचा धक्का, पावलांचा दणका, स्पीकरचा स्वतःचा घुमार, हे सगळंही त्याच हिशेबाने फुगतं. स्पीकरचा आवाज टेबलातून सुईत, सुईतून पुन्हा स्पीकरात, आणि खोलीत ‘घूंऽऽ’ असं काहीतरी वाढत जातं. लोकांना नाचवायला निघालेल्या यंत्राचा सगळा जीव स्वतः न हलण्यात! माझं प्लायवूडचं टेबल तर भाच्याने शेजारच्या खोलीत उडी मारली तरी शहारायचं.

वजन हवं होतं. आणि ते बाल्कनीत कुंड्यांखाली पडलेलं होतं: आमचा जुना ओटा. स्वयंपाकघरात ग्रॅनाइट आलं तेव्हा आईने तो कडप्पा टाकू दिला नव्हता. साडेचार फूट लांब, दोन फूट रुंद, जाडी इंचभर. पन्नास किलोंच्या वर सहज. तो आत आणायला चार माणसं आणि बरेच सल्ले लागले. खाली सिमेंटचे ठोकळे रचले, ठोकळे आणि फरशीच्या मधे टेनिसचे चेंडू अर्धे कापून घातले. जुना ओटा आईच्या उंचीचा होता. त्या मापाने उभं राहिलो तर माझी पाठ धरायची, म्हणून ठोकळ्यांचा आणखी एक थर दिला. नारळ फोडून फोडून एक कोपरा उडालेला आहे. तिथे हेडफोन बरोबर अडकतो.

एक बारीक घरघर तरीही राहिली. तापकीर गल्लीतून वायर आणली, अर्थिंगची तार मिक्सरच्या स्क्रूला आवळली, गेली.

आई आता येता-जाता त्या कडप्प्यावर ओलं फडकं फिरवते. तबकड्यांच्या आसपास पाणी नको म्हटलं तर म्हणते, “ओटा आहे, पुसायला नको?”

परवा दुपारी पहिल्यांदा नीट जमलं. एक रेकॉर्ड वाजत होती, दुसरी हेडफोनात तयार, आणि वरच्या मजल्यावर काकूंचा खलबत्ता सुरू झाला. पूर्वी पहिल्याच घावाला सुई उडाली असती. आता ढिम्म. नुसता आवाज येत होता, पक्क्या लयीत, मिनिटाला शंभरेक. माझ्या हातातली रेकॉर्ड एकशे आठची (जपमाळेइतकी, योगायोगाने). मी सरकपट्टी खाली ओढली. सात टक्के. जरा जास्त. थाळीच्या कडेला बोट टेकवून किंचित रोखली. सम जवळ येत होती, ड्रम आणि बत्ता एकमेकांवर बसायला लागले. मी दाराशी उभ्या आईला खुणेने आत बोलावलं.

तिने छताकडे पाहून कान दिला. “दाण्याचं कूट आहे,” ती म्हणाली, “झालंच आता.”

आणि झालंच.