झेड-पातळ्यांची जोडणी: मुंबई सर्व्हरचं काम कुठवर आलं

स्पेस स्टेशन १३ या अनेक खेळाडूंच्या ऑनलाइन गेमच्या आपल्या नकाशात सध्या तीन झेड-पातळ्या, म्हणजे नकाशाचे वेगवेगळे थर, जोडल्या आहेत: स्टेशन, भंगारपट्टा आणि मोकळं अवकाश. कोणत्या पातळीशेजारी कोणती, हे राऊंड सुरू होतानाच ठरतं; कोड पातळ्यांना चौकटींच्या जाळ्यावर कशाही मांडतो. त्यामुळे कालचा शेजार आज धरून चालू नका.

नियम असा: पातळीच्या काठावरून ज्या दिशेला बाहेर पडाल, त्या दिशेला शेजारची पातळी असेल तर तिथे जायचं. नसेल तर उलट दिशेने सलग रांगेच्या टोकापर्यंत जाऊन तिथल्या पातळीवर उतरायचं. मध्ये रिकामी चौकट आली की रांग तिथेच संपते.

दादर-ठाण्याच्या खेळाडू मंडळींचा सगळ्यात जास्त गोंधळ इथेच उडतो. समजा, स्टेशनच्या पूर्वेला भंगार आहे, उत्तरेला अवकाश आणि चौथी चौकट रिकामी. स्टेशनवरून आधी पूर्वेला, मग उत्तरेला गेलात तर भंगारातच राहता, कारण त्या उभ्या रांगेत भंगार एकटंच आहे. वरून बाहेर पडलं की खालून आत. आधी उत्तर, मग पूर्व केलं तर मुक्काम अवकाशात. म्हणजे वळणांचा क्रम बदलला की ठिकाण बदलतं. आल्या वाटेने उलट फिरलं तर मात्र नेमके मागच्या पातळीवर येता. जेटपॅकवाल्यांनी हे पाठच करून ठेवावं.

नकाशा २५५ बाय २५५, काठाची पट्टी, जिच्यात पाऊल टाकलं की पातळी बदलते, ७ टाइलची. खेळाडूला १५ बाय १५ दिसतं, म्हणजे प्रत्येक बाजूला ७. पट्टी याहून अरुंद केली की नकाशाबाहेरचा काळोख दिसू लागतो. पूर्वेकडून बाहेर पडलेला खेळाडू पुढच्या पातळीवर एक्स ८ला उतरतो, पश्चिमेकडून पडलेला २४८ला. ७वर उतरवला तर तो पट्टीतच असतो आणि लगेच मागे फेकला जातो.

कोपरे जास्त त्रास देतात. वाय २५२वरून पूर्वेला गेलं आणि वाय तसाच ठेवला, तर खेळाडू पुढच्या पातळीच्या उत्तर पट्टीत उतरतो आणि तिथून आणखी पुढे ढकलला जातो. आता वाय ८ ते २४८मध्येच अडकवला आहे, एक्सही तसाच. दुहेरी उडी बंद झाली.

ओढत आणलेली पेटी मागे राहायची, कारण माणूस हलताच अंतर वाढतं आणि पकड सुटते. म्हणून हलवण्याआधी पेटी कोणती ते नोंदवायचं, आधी माणूस, मग त्याच टाइलवर पेटी, मग पकड पुन्हा सुरू. तरंगण्याची दिशाही सोबत न्यायची, नाहीतर माणूस अवकाशात जागच्या जागी थांबतो.

केबल, पाइप शिवणीवर, म्हणजे दोन पातळ्या जुळतात तिथे, जुळत नाहीत, हवाही पलीकडे जात नाही. हे सगळं त्याच पातळीवरची शेजारची टाइल बघतं. काठावर पलीकडचं दृश्य दिसलं तरी तो नुसता देखावा असतो. बांधकाम पट्टीपासून लांबच ठेवा.

तीन पातळ्यांच्या बारा कडा मधोमध आणि दोन्ही टोकांना तपासायच्या. भंगारपट्ट्याची दक्षिण कड अजून बाकी आहे. तिथे उतरण्याच्या रांगेत भिंतीचे तुकडे आहेत, ते आधी काढावे लागतील.